घर सोडण्याचा चौथा मसुदा

ती. आत्यास,

लिहून देणार तुझी भाची, वय वर्षे सोळा, महिने आठ, धंदा शिक्षण (तोही मनाविरुद्ध), हिचा लिहून घेणार आत्या, वय विचारायचं नाही असं आईने बजावलेलं, धंदा कवळ्या बनवणे, हिला वाकून नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे बाहेरचे लोक ज्याला खुशाल म्हणतात तसे. तुझा उजवा गुडघा कसा आहे? मेणाचा चटका बसलेला अंगठा बरा झाला का? आणि कवळी घट्ट होते म्हणून तक्रार करणारे ते आजोबा, ज्यांना तू ती सैल करून दिलीस आणि पहिल्याच शिंकेला ती समोरच्या बाईंच्या मांडीवर जाऊन बसली, ते परत आले का? मागच्या सुट्टीत तुझ्याकडे आठ दिवस राहिले तेव्हापासून मला माणसं दिसतच नाहीत, दात दिसतात. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंचे वरचे चार खोटे आहेत हे मी ओळखलं आणि फक्त एका मैत्रिणीला सांगितलं. तिने ते वर्गभर केलं. आता बाई माझ्याशी ओठ मिटून बोलतात, त्यामुळे गृहपाठ काय दिलाय ते मला कळत नाही. यात माझी चूक काय ते कळव.

आता मुद्द्याचं. (बाबा म्हणतात, "आता मुद्द्याचं" असं लिहिणारा माणूस मुद्द्यापासून अजून दोन पानं लांब असतो. त्यांना खोटं पाडायची माझी फार इच्छा होती, पण जमेलसं दिसत नाही.) तर मी घर सोडून तुझ्याकडे राहायला यायचं ठरवलं. अठरा पुरी व्हायची वाट न बघता, आणि पळून नव्हे तर कायद्याने. तुझ्याकडे राहायचं, उरलेली शाळा तिकडे करायची आणि तुझ्या हाताखाली कवळ्या शिकायच्या, असा बेत. यातलं "कायद्याने" हे काही माझ्या एकटीच्या डोक्यातून आलेलं नाही, आमच्या घराचं पाणीच तसं आहे.

तू बाबांची सख्खी बहीण असलीस तरी त्यांना कामाला बसलेलं तू पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगते. नोंदणी कचेरीच्या समोर त्यांची खोली आहे, दहा बाय आठ. एक टेबल, तीन खुर्च्या (तिसरीचा पाय मुद्दाम दुरुस्त केलेला नाही, कारण तिच्यावर बसलेला माणूस काम झाल्यावर गप्पा मारत बसत नाही), अंगठे उठवायचं शाईचं पॅड, आणि अंगठे पुसायचं एक फडकं, ज्याला आता कुठलाच रंग म्हणता येत नाही. तिथे बसून बाबा लोकांची घरं, जमिनी, वाटण्या, भाडेकरार लिहितात. ते इतकं पक्कं लिहितात की त्यांचा एकही दस्त आजवर कोर्टात उलटलेला नाही. असं ते स्वतः सांगत नाहीत, पण दुसरं कुणी सांगत असेल तर थांबवतही नाहीत. इथवर ठीक आहे. पण सहा वाजता खोली बंद करून माणूस घरी येतो तेव्हा सवय काही खोलीत राहत नाही. आमच्याकडे तोंडी काही चालतच नाही. चिमटीने (माझी धाकटी बहीण, वय नऊ, हे नाव तिला का पडलं त्याचा पुरावा माझ्या दंडावर आहे) कुत्रा मागितला तेव्हा बाबा म्हणाले लिहून दे. तिने लिहिलं, मला कुत्रा पाहिजे. तो कागद पेन्सिलीच्या खुणांसकट परत आला: एक की अनेक? लहान की मोठा? फिरवायला कोण नेणार? त्याच्या मृत्यूनंतर काय? त्या शेवटच्या प्रश्नावर चिमटी दोन दिवस रडली, अजून न आणलेल्या कुत्र्यासाठी, आणि मग तिने ती मागणी लेखी मागे घेतली.

माझ्या रोजनिशीचंही तेच झालं. ती मी गणिताच्या वहीच्या मागच्या बाजूने लिहिते, कारण गणिताची वही आपण होऊन कुणी उघडत नाही अशी माझी समजूत होती. बाबांनी उघडली. त्यांचं म्हणणं, ते कोरा कागद शोधत होते. मान्य. पण कोरा कागद शोधणारा माणूस अकरा पानं वाचत नाही, आणि वाचली तर वाचली, हातात पेन्सिल घेऊन वाचत नाही! मी लिहिलं होतं, मंगळवारी फार अपमान झाला. समासात: कोणत्या मंगळवारी? कोणाकडून? मी लिहिलं होतं, आई मला समजून घेत नाही. समासात: कधीपासून? मी लिहिलं होतं, तो जिना चढून येतो तेव्हा माझ्या पोटात कसंतरीच होतं. समासात: जेवणापूर्वी की नंतर? (तो म्हणजे कोण हे तू विचारू नकोस. बाबांनीही विचारलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं.) आणि अकराव्या पानावर, ज्या दिवशी मी खरोखर रडत रडत लिहिलं होतं की मी आता इथे राहू शकत नाही, मी निघून जाणार, त्या ओळीखाली एक बारीक सरळ रेघ आणि समासात चार शब्द: इथे म्हणजे कुठे? खुलासा.

आत्या, रोजनिशी वाचल्याचा राग आलाच. पण खरं सांगू का, त्याहून जास्त राग आला तो या चार शब्दांचा. मुलगी निघून जाते म्हणते आणि बाप विचारतो इथे म्हणजे कुठे! "जाऊ नकोस" म्हणायला दोनच शब्द लागतात. ते त्यांना सुचले नाहीत, आणि सुचले असतील तर त्यांनी ते लिहिले नाहीत. मी वही मिटली आणि ठरवलं की आता यांना खुलासाच देते.

सुरुवात कायद्यापासून केली. बाबांच्या खोलीशेजारी वकीलकाका बसतात. त्यांच्याकडे अशिलांपेक्षा मांजरं जास्त येतात, पण कायदा त्यांना तोंडपाठ आहे. मी त्यांना म्हटलं, माझ्या एका मैत्रिणीला विचारायचं आहे की अठरा व्हायच्या आत घर सोडता येतं का. त्यांनी शब्दकोड्यातून मान वर न करता विचारलं, मैत्रीण सोळा वर्षं आठ महिन्यांची आहे का? मी म्हटलं, योगायोगाने आहे. तिचे वडील दस्त लिहितात का? मी म्हटलं, बऱ्याच जणींचे लिहीत असतील. मग त्यांनी कोडं बाजूला ठेवलं, मांजर मांडीवर घेतलं आणि मला रीतसर सल्ला दिला. अठरा पुरी होईपर्यंत मुलाने कुठे राहायचं ते पालक ठरवतात. न सांगता निघालीस (म्हणजे मैत्रीण निघाली) तर पोलीस शोधून परत आणून सोडतात, आणि ते गाडीतून आणतात, म्हणजे अख्ख्या गल्लीला कळतं. घरात मारहाण, उपासमार, छळ होत असेल तर गोष्ट वेगळी, मग कायदा स्वतः मुलाच्या बाजूने उभा राहतो. मी जरा आशेने विचारलं की समासात पेन्सिलीने लिहिणं हा छळ धरता येईल का. वकीलकाकांनी डोळे मिटून प्रामाणिकपणे विचार केला (मांजरानेही केला) आणि म्हणाले, असा निकाल अजून कुठे झालेला नाही. मग तिसरा रस्ता सांगितला. पालकांनी संमती दिली तर जवळच्या नातेवाइकाकडे राहायला कायद्याची आडकाठी नाही, फक्त ते लेखी असलेलं बरं. आणि लेखीच करायचं असेल तर या रस्त्यावर तुझ्या बाबांसारखं कोणी लिहीत नाही, असंही वर म्हणाले. म्हणजे बघ, मला घराबाहेर काढणारा कागद लिहायला गावात एकच लायक माणूस, आणि तो माझ्याच घरात चष्मा कपाळावर चढवून चष्मा शोधत असतो.

पहिला मसुदा मी जेवताना बाबांच्या ताटाशेजारी ठेवला. त्यात लिहिलं होतं, मी हे घर सोडून आत्याकडे राहायला जात आहे, तरी संमती द्यावी. मी मनाची तयारी केली होती. ते ओरडतील, ताट सरकवतील, निदान घास तरी हातात राहील. बाबांनी कागद वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःख आलं, पण आत्या, ते मुलीचं नव्हतं, मसुद्याचं होतं. "जात आहे" आणि "संमती द्यावी" एका वाक्यात कसं? जातच असशील तर संमती कशाला, आणि संमती हवी असेल तर जात कशी आहेस? आत्या म्हणजे कोणती? (आत्या एकच आहे, हे मी नजरेला आणून दिलं. आज एक आहे, असं ते म्हणाले. म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही.) मुदत किती? आजारी पडल्यास कोण बघणार? मी आवाज चढवला, आणि आईने टेबलाखाली पाय दाबला. आई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते हे तुला माहीतच आहे. तिच्या बाजूला दुसरा ब्रेक असतो, आणि तो इतक्या वर्षांत तिच्या पायात असा काही भिनलाय की घरात कुणी वेगात बोलायला लागलं की तिचा उजवा पाय आपोआप जमिनीत रुततो. एरवी आम्ही थांबतो. त्या दिवशी कुणी थांबलं नाही, आणि फरशीवर दाबून बिचारीचा अंगठा मात्र दुखावला.

दुसऱ्या मसुद्यात सोडायच्या जागेचं वर्णन हवं, चतुःसीमेसकट, असं निघालं. म्हणून मी टेप घेऊन आमची खोली मोजली. पूर्वेस चिमटीची खाट, पश्चिमेस खिडकी, उत्तरेस कपाट ज्याचं डावं दार लागत नाही, दक्षिणेस भिंत व तिच्यावरील शाईचा डाग (हा डाग कोणी पाडला याबाबत उभयपक्षी वाद आहे). मोजताना असं कळलं की खोलीतली माझी बाजू चिमटीच्या बाजूपेक्षा एक वीत मोठी आहे. हे नेमकं चिमटीच्या देखत कळलं. तिने त्याच संध्याकाळी वेगळा अर्ज दिला, आणि बाबांना तो माझ्यापेक्षा बरा वाटला, कारण तिने सोबत नकाशा जोडला होता. तिसरा मसुदा साक्षीदारावर अडला. मी साक्षीदार म्हणून चिमटीची सही घेतली होती. बाबा म्हणाले, साक्षीदार अज्ञान आहे. अठराच्या आतल्या माणसाला कायद्यात अज्ञान म्हणतात हे चिमटीला समजावून सांगावं लागलं, आणि मग ती दोन दिवस घरभर "ताई पण अज्ञान आहे" असं गात फिरली.

आता एक गोष्ट सांगते ती तुझ्यापाशीच ठेव. या तीन मसुद्यांना तीन रविवार लागले. तिन्ही रविवार मी आणि बाबा जेवायच्या टेबलाशी कोपराला कोपर लावून बसलो होतो. गेल्या दोन वर्षांत आम्ही सलग इतका वेळ एका ठिकाणी बसलेलो नाही. मी भांडायला बसायचे आणि अर्ध्या तासाने आम्ही दोघं मिळून "सोय" म्हणावं की "व्यवस्था" म्हणावं यावर डोकं लावत असायचो. तिसरा मसुदा वाचून ते म्हणाले, सुधारणा आहे. बाबांनी माझ्या कुठल्याच गोष्टीला आजवर सुधारणा आहे म्हटलेलं नाही. मला इतका आनंद झाला की आपण घर सोडतोय हे मी दहा मिनिटं विसरले. मग आठवलं, आणि दुप्पट चिडले, कारण जाऊ नकोस हे त्यांनी तेव्हाही म्हटलं नव्हतं. उलट म्हणाले, स्टॅम्प पेपर पुढच्या सोमवारी आणतो.

पुढच्या सोमवारपर्यंत थांबायला मी काही त्यांची अशील नाही. शनिवारी बाबा खोलीवर गेल्यावर मी बॅग भरली आणि आईला सांगितलं की मी चालले, कागद मागाहून पाठवा. मला वाटलं आई आता तरी रडेल. आईने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, अकराला माझा शिकाऊ आहे, गाडी तिकडूनच जाईल, तुला स्टँडवर सोडते. शिकाऊ म्हणजे निवृत्त कवायत-मास्तर. पाठ ताठ, मिशी ताठ, आणि हुकूम मिळाला की अंमलबजावणी त्याच क्षणी. मी मागे बॅगेसकट बसले. आमच्या घरापासून स्टँडला जायला चौकात एकदा, फक्त एकदा, उजवीकडे वळावं लागतं. मास्तरांचा तो सहावा दिवस होता. आई पहिल्या आठवड्यात फक्त डावी वळणं शिकवते आणि उजवं वळण दुसऱ्या आठवड्यात घेते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

चौकात आम्ही डावीकडे वळलो. मी ओरडले, अगं, स्टँड तिकडे! आई मला म्हणाली, थांब. मास्तरांनी गाडी थांबवली. आई त्यांना म्हणाली, तुम्ही नाही हो, चला. गाडी निघाली. मग आई समोर बघत, गाडी शिकवायच्या त्याच आवाजात सांगायला लागली की तुझी आत्या गेली तेव्हा सतरा वर्षांची होती. मी म्हटलं, माहितीय, शिकायला बाहेरगावी गेली. आई म्हणाली, थांब, मधे बोलू नकोस. मास्तर पुन्हा थांबले. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. अशी थांबत थांबत ती गोष्ट मी ऐकली, आणि तीन डावी वळणं झाली.

आत्या, तू सांगून गेली नव्हतीस हे मला माहीत नव्हतं. तू गेलीस तेव्हा बाबा बारा वर्षांचे होते हा हिशोब मी कधी केलाच नव्हता. आई म्हणाली, ते शाळेतून आले ते चित्रकलेची वही उघडी धरून, तुला दाखवायला. खाट आवरलेली, चादरीची घडी, आणि घरात कोणी काही सांगायला तयार नाही. चार महिन्यांनी तुझं पहिलं पत्र आलं. ते चार महिने बाबा रोज शाळेतून पळत घरी यायचे, कारण त्यांना वाटायचं की तू दुपारी येऊन जात असशील आणि आपल्याला उशीर होतोय. तू का गेलीस ते मी विचारणार नाही. (विचारणार आहे, पण समोर बसून.) तुला वाईट वाटावं म्हणूनही लिहीत नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही गेले असते, आणि मी तर तुझ्या जागीच होते, बॅग मांडीवर घेऊन. पण ते ऐकताना मी बॅगेची चेन नुसती उघडत आणि लावत राहिले. मास्तरांचं तर त्याहून पुढे गेलं. त्यांनी कुणी न सांगता गाडी रस्त्याच्या मधोमध उभी केली, रुमाल काढला आणि मिशीसकट तोंड पुसलं. मागे एक बस जीव तोडून हॉर्न वाजवत होती. मी वळून पाहिलं तर ती माझीच बस होती, तुझ्या गावची, अकरा चाळीसची. ती आम्हाला वळसा घालून निघून गेली. मास्तरांनी डोळे टिपले, चौथं डावं वळण घेतलं, आणि आम्ही आमच्या फाटकासमोर आलो. आई त्यांना म्हणाली, वळण छान घेतलंत.

सोमवारी बाबांनी स्टॅम्प पेपर आणला आणि चौथा मसुदा त्यांनी स्वतः लिहिला. टाइप केला नाही, हाताने लिहिला. तो सोबत जोडला आहे, तू वाचशीलच, पण काही जागा दाखवते. कलम चार: लिहून घेणार यांनी मुलीस उंच स्टुलावर चढू देऊ नये, तिला चक्कर येते, ती सांगत नाही. (हे त्यांना कुठून कळलं? मी रोजनिशीतसुद्धा लिहिलेलं नाही.) कलम नऊ: मुलगी अबोल झाल्यास तिला लगेच कारण विचारू नये, दोन तासांनी विचारावे, तेव्हा सांगते. कलम अकरा: मुलीची रोजनिशी कोणीही, पेन्सिलीसह अथवा पेन्सिलीविना, वाचणार नाही, आजवर झाले ते चुकीचे झाले. कलम चौदा: मुलगी जाईल ती दिवसाउजेडी, जेवून आणि सर्वांना सांगून. मी विचारलं, याला कायद्यात आधार काय? म्हणाले, काही नाही. मग घातलंत कशाला? त्यांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं, टोक होतंच, तरी काढत राहिले आणि म्हणाले, असू दे. आणि कलम सतरा, परत येण्यास मुदत नाही, मुलगी केव्हाही परत आल्यास कारण विचारले जाणार नाही. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना सांगितलं की मुदत घातल्याशिवाय कशावरही सही करू नका, त्याने हे लिहिलं आणि माझ्याकडे न बघता कागदावर टिपकागद दाबला.

ते दोन शब्द ते अजूनही म्हणालेले नाहीत. पण आता मला त्याचा राग येत नाही, आणि घर सोडणाऱ्या माणसाला ही मोठीच अडचण आहे.

असो. बाबांची सही झाली, आईची झाली, साक्षीदार म्हणून वकीलकाका आणि कवायत-मास्तर यांच्या झाल्या (मास्तरांनी सही करून सलाम केला). आता फक्त लिहून घेणार म्हणून तुझी राहिली. पेन्सिलीने फुलीची खूण केलेल्या दोन ठिकाणी सही करून दस्त उलट टपाली पाठव. कायदा पूर्णपणे आपल्या बाजूने आहे. मी बॅग भरून तयार आहे, आणि तुझ्याकडच्या कवळ्यांना माझा नमस्कार सांग.

तुझी, कायद्याने अज्ञान पण एरवी सगळं कळणारी,
भाची

ता. क. सही करू नकोस.

ता. क. २ म्हणजे असं, की सरळ नाहीही म्हणू नकोस. हरकती काढ. तुझ्या घराची चतुःसीमा दिलेली नाही म्हण. स्टूल उंच म्हणजे किती उंच, विचार. मुलगी अबोल झाली हे नेमकं केव्हा धरायचं, विचार (यावर एक महिना सहज जाईल). एका वेळी एकच हरकत काढ, सगळ्या एकदम नकोत, आणि प्रत्येकीला नवा मसुदा लागेल अशी काढ. मी हिशोब केला आहे. टपालाचं जाणं-येणं मिळून दर मसुद्याला तीन रविवार धरले तर तेवीस-चोवीस मसुद्यांत मी अठराची होते, आणि मग कुणाच्याच संमतीची गरज नाही, मी आपली आपण येईन. तोवर सुट्टीत येतच राहीन, माझ्यासाठी एक वरचा जबडा राखून ठेव.

ता. क. ३ हे घरात कुणाला कळू देऊ नकोस. बाबांना तर नाहीच. चिमटीला त्याहून नाही. तिने माझ्या खणात तिचे दगड भरले आहेत आणि मला "माजी ताई" म्हणायला सुरुवात केली आहे. मी आता आपण होऊन माघार घेतली तर या घरात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. हरकत तुझ्याकडूनच यायला हवी, आणि मी पत्र वाचून पाय आपटणार आहे, त्याची तालीम चालू आहे.

ता. क. ४ पाकीट बंद करायच्या आधी मी बाबांना सहज म्हटलं की लिहून घेणाऱ्याने आपल्या घरी येऊन दस्त समोर बसून वाचून घेतला नाही तर तो पुरा होत नाही, असा नियम आहे ना? असा कुठलाही नियम नाही, मी तो उभ्या उभ्या बनवला होता. बाबा म्हणाले, तसा नियम नाही. मग त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले, पण घालायला हरकत नाही. आणि दस्त मागून घेऊन त्यांनी शेवटच्या पानावर कलम अठरा घातलं, लिहून घेणार यांनी जातीने यावे म्हणून. त्याला मात्र मुदत आहे. आधी पंधरा दिवस लिहिली होती, ती खोडून आठ केली आहे. बाबांच्या दस्तात खाडाखोड मी पहिल्यांदाच पाहिली.